चालत्या गाडीत अचानक सगळं डेड: हॉर्न, दिवे, काटा, इंजिन. शोध कुठून सुरू करायचा?

भरधाव

गाडी म्हणजे मोटरसायकल, १५० सीसी, कार्ब्युरेटरवाली, २०१६ ची. सेल्फ आणि किक दोन्ही. डीसी सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा डबा, बॅटरीवर चालणारा), हेडलाइटही बॅटरीवरच. १२ व्होल्ट ९ एएचची सील्ड बॅटरी, वय दहा महिने.

तक्रार: चालत्या गाडीत एका क्षणात सगळं बंद. हॉर्न, इंडिकेटर, न्यूट्रलचा हिरवा दिवा, पेट्रोलचा काटा आणि इंजिनसुद्धा. पाच-दहा मिनिटांनी किल्ली फिरवली की कधी जिवंत होते, कधी नाही. रात्री जास्त होतं, दिवसा क्वचित. मुख्य फ्यूज १५ अँपिअरचा, निळा. काढून पाहिला, शाबूत आहे. मल्टिमीटर बॅटरीवर १२.६ दाखवतो.

बाहेरून बसवलेलं: ५५ वॅटचे दोन फॉग लाइट आणि एक यूएसबी चार्जर.

एका गॅरेजचं मत रेग्युलेटर (बॅटरीचं चार्जिंग आवरणारा), दुसऱ्याचं सीडीआय, तिसरा म्हणतो आख्खं वायरिंगच नवीन टाका. खिशात हात घालण्याआधी काय काय तपासू?

---

तारतम्य

आधी एकही पार्ट विकत घेऊ नका. तुमच्या लक्षणांतच निम्मं उत्तर आहे.

सीडीआय गेला तर इंजिन बंद पडतं, पण हॉर्न वाजतो आणि न्यूट्रलचा दिवा लागतो. रेग्युलेटरने चार्जिंग थांबवलं तर बॅटरी हळूहळू उतरते: दिवे पिवळे पडतात, हॉर्न घोगरा होतो, सेल्फ 'कट कट' करतो, मग गाडी बसते. एका फटक्यात नाही. रेग्युलेटर आतून शॉर्ट झाला तर बहुधा फ्यूज उडेल, आणि तुमचा फ्यूज शाबूत आहे. म्हणजे दोन्ही सल्ले बाद.

सगळं एकदम जातं तेव्हा बिघाड सगळ्यांच्या सामाईक वाटेवर असतो. ती वाट फार मोठी नाही: बॅटरीचं पॉझिटिव्ह टर्मिनल, मुख्य फ्यूज आणि त्याचा होल्डर, तिथून किल्लीच्या स्विचच्या कपलरपर्यंतची (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडापर्यंतची) वायर, कपलर, स्विच, स्विचमधून मागे येणारी वायर. आणि दुसऱ्या बाजूला बॅटरीचं निगेटिव्ह ते चासी-इंजिनचं अर्थिंग. बस्स. इंडिकेटर, फ्लॅशर, हँडलवरची बटणं, कशालाही हात लावायची गरज नाही.

आता तपासणी. सामान: मल्टिमीटर (साधा चालेल) आणि ब्रेक लाइटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब, होल्डरसकट, दोन हात-हातभर वायरी लावून. हा बल्ब मीटरपेक्षा महत्त्वाचा, कारण एकटा मीटर फसवतो. त्याचा आतला रोध १० मेगाओहमच्या घरातला, तो वायरीतून जवळपास काही ओढतच नाही. वीस तारांपैकी एकच केसाएवढी तार शिल्लक असली तरी तो १२.६ दाखवणार. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो. तेवढं मागितल्यावर सडलेला सांधा उघडा पडतो.

बल्बची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला पक्की. दुसऱ्या टोकाने क्रमाने टोचत जायचं:

१. बॅटरीचं पॉझिटिव्ह टर्मिनल, म्हणजे शिशाचा खांब स्वतः. बोल्ट नव्हे, खांब. 
२. त्याच खांबाला लावलेल्या वायरीचं थिंबल, म्हणजे टोकाला दाबलेली धातूची कडी.
३. फ्यूजच्या अलीकडचं टोक. ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात, तिथे टोक टेकतं.
४. फ्यूजच्या पलीकडचं टोक, आणि मग होल्डरमधून बाहेर पडणारी वायर. हे दोन वेगळे मोजा.
५. किल्लीच्या स्विचचं कपलर, येणारी वायर.
६. किल्ली चालू करून त्याच कपलरची जाणारी वायर.

ज्या पायरीवर उजेड मंदावला किंवा गेला, तिच्या आणि आधीच्या पायरीच्या मध्येच दोष. सहाही ठिकाणी लख्ख पेटला तर बल्बचं निगेटिव्ह टोक बॅटरीवरून काढून चासीला लावा आणि पुन्हा करा. आता मंद झाला तर अर्थिंग खराब.

किल्ली स्विचच्या कपलरवरचे वायरींचे रंग कंपनीगणिक वेगळे असतात, कुणी सांगितलेल्या रंगावर जाऊ नका. किल्ली बंद असतानाही जिच्यावर बल्ब पेटतो ती येणारी, किल्ली लावल्यावर जिच्यावर पेटतो ती जाणारी.

---

गिअरपाचवा

मला तर सरळ बॅटरी वाटते. १२.६ दाखवणारी बॅटरी आतून तुटलेली असू शकते, दहा महिने असोत नाहीतर दोन. बदलून मोकळे व्हा.

---

ओहमकाका

गिअरपाचवा, शंका रास्त, पण बदलून मोकळं व्हायची घाई नको. दोन सेलना जोडणारी शिशाची पट्टी आतून तडकते, थरथरीने टेकते-सुटते, आणि बिनभाराचं व्होल्टेज शाबूत दिसतं. लक्षण हुबेहूब असंच. पण ते ठरवायला तीस सेकंद लागतात. मीटरच्या दोन्ही पिना थेट खांबांवर धरा, हेडलाइट लावा, हॉर्न दाबा. व्होल्टेज १२ च्या आसपास टिकलं तर बॅटरी निर्दोष. सेल्फ मारताना दहाच्या आसपास येणं ठीक, साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरी थकलेली. आणि आतली पट्टी तुटली असेल तर भार पडताच आकडा दोन-तीन व्होल्टवर कोसळतो.

खरी कसोटी गाडी मेलेली असतानाची. त्या क्षणी किल्ली चालू ठेवूनच खांबांवर मीटर धरा. तिथे १२.५ आणि हॉर्न मुका, म्हणजे वीज बॅटरीत आहे, वाटेत अडली आहे.

आकडे पाठ करायचे असतील तर एवढेच: गाडी तीन-चार तास उभी राहिल्यावर १२.७ च्या वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. सकाळी गाडी बंद करून लगेच मोजलेल्या आकड्याला अर्थ नाही, चार्जिंगचा फुगवटा उतरायचा असतो.

---

रानवाट

फ्यूज २० चा टाकून बघा की. फॉग लाइट आहेत, १५ कमी पडत असेल.

---

तारतम्य

रानवाट, फ्यूज उडालेलाच नाही, मग मोठा टाकून काय साधणार? आणि उडत असता तरी नाही. फ्यूज दिव्यांसाठी नसतो, वायर जळू नये म्हणून असतो. १५ अँपिअरसाठी बेतलेल्या वायरीवर २० किंवा ३० चा टाकला की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी सीटखालचं वायरिंग उडतं, तेही पेट्रोलच्या टाकीपासून वीतभर अंतरावर. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे महाभाग अजून आहेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

रंग लक्षात ठेवा: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. जो होता तोच परत.

---

सोनकी

तारतम्यच्या यादीत एक भर. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून पाहा, किल्ली चालू ठेवून, न्यूट्रलच्या दिव्याकडे नजर ठेवून. दिवा लुकलुकला तर हेडपाइपजवळ (हँडलचा दांडा ज्या नळीत फिरतो तिथे) वायर आतून तुटली आहे. किल्लीच्या स्विचची वायर तिथेच रोज शेकडो वेळा वाकते. वरचं प्लास्टिक अखंड आणि आतलं तांबं तुटलेलं, त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही. एकेक वायर दोन बोटांत धरून हलकेच ओढायची. शाबूत वायर ताठ लागते, तुटलेली रबरासारखी ताणते.

नंतरच्या काळात कुणी हार्नेस (वायरींचा जुडगा) प्लास्टिकच्या टायने हेडपाइपला करकचून बांधला असेल तर तो टाय आधी कापा. वायरीला वळायला ढील हवी.

---

भरधाव

सगळ्यांचे आभार. आज मोजलं. बॅटरी रात्रभर चार्जरवर होती.

बिनभार: खांबांवर १२.७. सेल्फ मारताना सर्वांत खाली १०.४. हेडलाइट + हॉर्नवर १२.३. म्हणजे बॅटरी निर्दोष सुटली बहुतेक.

हँडल डावी-उजवीकडे: काहीच फरक नाही.

२१ वॅटचा बल्ब: पायरी १, २, ३ लख्ख. पायरी ४ मध्ये फ्यूजच्या पलीकडच्या ठिपक्यावर लख्ख, पण होल्डरमधून बाहेर पडणाऱ्या वायरीवर किंचित मंद वाटतो. मनाचे खेळ असतील म्हणून मीटर लावला: बल्ब पेटलेला असताना खांब ते ती वायर ०.६ व्होल्टचा फरक. एवढ्याने गाडी मरेल का? ०.६ फार नाही वाटत.

---

ओहमकाका

मनाचे खेळ नाहीत, सापडलंय. हिशोब करा. बल्ब ओढतो पावणेदोन अँपिअर, वाटेत गळतात ०.६ व्होल्ट, म्हणजे त्या सांध्याचा रोध साधारण एक तृतीयांश ओहम. चांगल्या सांध्यात तो ओहमच्या शंभराव्या भागाएवढाही नसतो.

आता रात्रीचा भार बघा. फॉग ११० वॅट, हेडलाइट ३५, टेललाइट, मीटरचे दिवे, सीडीआय, चार्जर. १३-१४ अँपिअरची मागणी. दिवसा फक्त सीडीआय, ब्रेक लाइट आणि अधूनमधून हॉर्न, म्हणजे दोन-तीन अँपिअर. म्हणून रात्री मरते, दिवसा क्वचित. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये उत्तर लिहिलं होतं.

आता मोठ्या भाराखाली मोजा. मीटर २० व्होल्ट डीसीवर. लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, काळी पिन होल्डरमधून बाहेर पडणाऱ्या वायरीत. काळी निगेटिव्हवर नाही! आपल्याला दोन टोकांतला फरकच हवा आहे. किल्ली चालू, इंजिन बंद. आधी फक्त हेडलाइट, मग फॉग. दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त नको, ९ एएचच्या बॅटरीवर हा भार जड आहे. मधेच होल्डरला बोट लावून बघा, पण जपून.

---

भरधाव

फक्त हेडलाइट: १.३ व्होल्ट.
फॉग लावताच: ३.४. मग बघता बघता ३.९, ४.६... साधारण दीड मिनिटात सगळं गेलं! मीटर तेव्हा पूर्ण १२.४ दाखवत होता. होल्डरला बोट टेकवता येत नाही इतका गरम. सात-आठ मिनिटांनी थंड झाल्यावर किल्ली लावली, सगळं परत आलं.

फ्यूज ओढून काढला. एक पाय चकचकीत, दुसरा तपकिरी-काळा. होल्डरची त्या बाजूची भिंत वितळून फुगली आहे. फ्यूजची तार मात्र अखंड.

---

तारतम्य

हाच तो. काय होतंय ते समजून घ्या, म्हणजे नुसता होल्डर बदलून पुन्हा तिथेच याल असं होणार नाही.

होल्डरच्या आत पितळी पत्र्याचा चिमटा असतो, तो फ्यूजचा पाय घट्ट धरतो. कितीदा तरी फ्यूज काढ-घाल, थोडा ओलावा, आणि सतत मर्यादेच्या काठावरचा करंट. चिमटा तापून त्याचा ताण जातो, पकड ढिली पडते, सांध्याचा रोध वाढतो, म्हणून अजून तापतो. तुमचा आकडा धरला तर ३.४ व्होल्ट गुणिले दहा-साडेदहा अँपिअर, पस्तीस वॅट. सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॅटची असते. तिच्याहून जास्त उष्णता नखाएवढ्या जागेत. पत्रा फाकतो, स्पर्श सुटतो, गाडी मेली. थंड झाला की आकसून पुन्हा टेकतो, गाडी जिवंत. आणि फ्यूजमधून १५ च्या वर करंट कधी गेलाच नाही, मग तो का उडेल? फ्यूज करंट मोजतो, सांध्याचा ताप नाही.

इंजिनही का बंद पडलं याचं कारण तुमच्या वायरिंगमध्ये आहे. रेग्युलेटरची लाल वायर फ्यूजच्या बॅटरीकडच्या अंगाला जोडलेली दिसते, म्हणून फ्यूजपलीकडे काहीच पोहोचलं नाही. काही गाड्यांत ती पलीकडच्या अंगाला असते. तिथे होल्डर सुटला तर इंजिन चालू राहतं पण बॅटरीचा आधार गेल्याने व्होल्टेज भडकतं आणि बल्ब पटापट उडतात. एकामागून एक बल्ब जात असतील तर तिथेही आधी फ्यूज होल्डरच बघावा.

दुरुस्ती:

बॅटरी सोडताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. उलट केलंत आणि पॉझिटिव्हवरचा पाना चासीला टेकला तर ठिणगी नाही, वेल्डिंग होतं.

जुना होल्डर दोन्ही बाजूंनी कापा. वायरीचं प्लास्टिक सोलल्यावर तांबं काळं दिसलं तर अजून मागे कापत जा, लालसर चमकदार तांबं लागेपर्यंत. साधारण तीन-चार सेंटिमीटर जातं. काळ्या तांब्यावर ना सोल्डर धरतं ना क्रिंप (पकडीने दाबून केलेला सांधा) टिकतो. नवा होल्डर झाकणवाला, २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीसकट घ्या. बारीक वायरीचे होल्डर दिसायला तसेच असतात, त्यांच्या नादी लागू नका. सांधा क्रिंप करून वर श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आकसणारी नळी). स्लीव्ह आधी वायरीत ओवा, हे सांगायला नको, पण सांगतो. नुसती काळी चिकटपट्टी नको. सीटखालच्या उन्हाळ्यात तिचा डिंक पातळ होऊन वाहतो आणि पट्टी सुटते. फ्यूजही नवीन, जुन्याचा जळका पाय नव्या चिमट्यालाही खाईल.

होल्डर तोंड खाली करून बांधा, पाणी आत साचत नाही.

---

अनुस्वार

सोल्डर की क्रिंप, यावर जरा बोला ना. माझ्या माहितीत सोल्डर जास्त पक्कं.

---

तारतम्य

ताई, टेबलावर ठेवलेल्या वस्तूत सोल्डर उत्तम. गाडीत थरथर असते. सोल्डर वायरीच्या तारांमध्ये वर चढतं, तेवढा भाग कडक सळई होतो, आणि जिथे कडक संपतं आणि मऊ सुरू होतं तिथेच वायर वाकून वाकून तुटते. चांगल्या पकडीने केलेला क्रिंप जास्त टिकतो. साध्या पकडीने चेपलेला क्रिंप मात्र दोघांपेक्षा वाईट. क्रिंपची पकड नसेल तर सोल्डर करा, पण सांध्याच्या दोन्ही बाजू दोन-तीन सेंटिमीटरवर चासीला बांधून टाका, म्हणजे तिथे वायर हलणार नाही.

---

ओहमकाका

होल्डर झाला, आता मूळ कारण. भरधाव, फॉगची वायर कुठून घेतली आहे?

---

भरधाव

किल्लीनंतरच्या वायरीला निळी चिमटीवाली जोडणी आहे, वायर न सोलता दाबून बसवतात ती. तिथून स्विच, स्विचमधून थेट दिवे. रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही.

---

ओहमकाका

अंदाज होताच. म्हणजे नऊ अँपिअर जास्तीचा भार मुख्य फ्यूज, किल्लीचं कपलर आणि किल्लीचा स्विच, तिन्हींमधून जातोय. होल्डर आधी गेला एवढंच, रांगेत पुढचा नंबर स्विचचा. त्या कपलरचाही फरक मोजा: हेडलाइटवर येणारी आणि जाणारी वायर यांत ०.२ च्या वर असेल तर स्विच आतून खरवडला आहे.

ती निळी चिमटी काढून टाका. तिचं पातं वायरीच्या काही तारा कापतं आणि त्या जखमेतून पाणी शिरून तांबं हिरवं होतं.

रिलेची जोडणी: ३० नंबरला बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट वायर, मध्ये वेगळा १५ चा फ्यूज, बॅटरीपासून वीतभराच्या आत. ८७ वरून दिवे. ८५ चासीला. ८६ ला किल्लीनंतरच्या वायरीवरून, मध्ये तुमचा स्विच. रिलेची कॉइल पाव अँपिअरही ओढत नाही, त्यामुळे किल्लीच्या स्विचवर भार उरत नाही. दिव्यांचं निगेटिव्ह हेडलाइटच्या अर्थिंगला न जोडता बॅटरीपर्यंत स्वतंत्र आणा.

पण भार वाहायचा प्रश्न सुटला तरी भार पुरवायचा उरतोच. या आकाराच्या गाडीच्या मॅग्नेटोची (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्याची) एकूण कमाईच शे-दीडशे वॅटची, तीही आरपीएम चढल्यावर. त्यातले ११० नुसते फॉगला. सिग्नलवर उभ्या गाडीत बॅटरी उपाशी राहते. हॅलोजन काढून दहा-पंधरा वॅटचे एलईडी लावा, उजेड पुरतो.

---

गिअरपाचवा

चार्जिंग तपासायला गॅरेजवाले चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढतात. गाडी चालू राहिली तर चार्जिंग ठीक. सोपं आहे, तेही करून घ्या.

---

तारतम्य

अजिबात करू नका. बॅटरी हा व्होल्टेजचा गादीसारखा आधार आहे. ती काढली की क्षणभर उसळी येते, त्यात सीडीआय, डिजिटल मीटर, एलईडी काहीही जाऊ शकतं. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) जाईल, त्याच्या किमतीत चांगल्या चार-पाच बॅटऱ्या येतात.

चार्जिंग असं मोजा: मीटर खांबांवर, इंजिन गरम, चार-पाच हजार आरपीएम, हेडलाइट चालू. १३.८ ते १४.६ हवं. १३ च्या खाली अडकलं तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर सुटला आहे, बॅटरी उकळून फुगेल.

चार्जिंग नसेल तर मॅग्नेटो आणि रेग्युलेटर यांच्यामधलं कपलर काढून बघा. तीन पिवळ्या वायरींची पद्धत असेल तर तिथेही तोच रोग: वितळलेलं प्लास्टिक, काळी पडलेली पिन. कपलर सुटं असताना मॅग्नेटोच्या बाजूच्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन-दोन मीटरवर धरा: तिन्ही जोड्यांत ओहम जवळजवळ सारखा आणि एक ओहमच्या आसपास किंवा कमी. कुठलीही वायर ते चासी: काहीच नाही. दाखवलं तर कॉइल जळली. इंजिन चालू करून तिन्ही जोड्यांत एसी व्होल्ट मोजा, आकडा किती यापेक्षा तिन्ही सारखे आहेत का ते महत्त्वाचं. एक लंगडा असेल तर कॉइल, तिघं सारखे आणि तरी चार्जिंग नाही तर रेग्युलेटर. आधी हे, मग पार्ट.

---

सोनकी

वेगळी केस पण इथेच विचारते. किल्ली लावताक्षणी फ्यूज उडतो. दोन उडाले. तिसरा टाकायची हिंमत नाही. याला कसं शोधायचं?

---

तारतम्य

तिसरा टाकूच नका, फ्यूजच्या जागी तोच २१ वॅटचा बल्ब लावा. दोन वायरी होल्डरच्या दोन चिमट्यांत. किल्ली चालू, पण सगळी बटणं बंद. बल्ब लख्ख पेटला म्हणजे शॉर्ट जिवंत आहे, आणि बल्बच करंट पावणेदोन अँपिअरवर अडवून धरतो, त्यामुळे वायर जळायची भीती नाही. आता एकेक कपलर सोडत जा, हार्नेस हलवत जा. ज्या क्षणी बल्ब मंद झाला किंवा विझला, तिथेच शॉर्ट.

किल्लीवर नाही, ब्रेक दाबल्यावर किंवा इंडिकेटर लावल्यावर लख्ख होत असेल तर दोष त्या शाखेत. नेहमीचे संशयित: हेडलाइटच्या वाटीत चेपलेली वायर, मागच्या मडगार्डच्या कडेला घासलेली टेललाइटची वायर, टाकी बसवताना खाली सापडलेला हार्नेस, सायलेन्सरला टेकलेली वायर, बाहेरून लावलेला हॉर्न. कोकणात आणि शेतावर उभ्या गाड्यांत एक जास्तीचा: उंदीर. एअर फिल्टरच्या डब्यामागे चिंध्या, लेंड्या दिसल्या की मीटर बाजूला ठेवून बॅटरी घ्या. टॉर्चची.

उडालेल्या फ्यूजकडेही नीट बघा. आत काळं किंवा चांदीचा शिडकावा म्हणजे जोराचा शॉर्ट. स्वच्छ, बारीक वितळलेली फट म्हणजे थोडा जास्तीचा भार बराच वेळ. जुन्या काचेच्या फ्यूजमध्ये तार टोपीपाशी नुसती सुटलेली दिसली तर ती थरथरीने तुटली, शॉर्ट शोधत बसू नका.

---

अनुस्वार

माझा प्रश्न इंजेक्शनच्या गाडीचा. मीटर, हॉर्न, दिवे सगळं चालू, फक्त इंजिन चालता चालता बंद. फ्यूजबॉक्समध्ये पाच-सहा फ्यूज आहेत, कुठला बघायचा?

---

ओहमकाका

अनुस्वार ताई, तुमच्याकडे सामाईक वाट शाबूत आहे, इंजिनची शाखा गेली आहे. किल्ली लावल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद 'झूं' आवाज येतो का? तो पेट्रोल पंप. येत नसेल तर आधी किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण (हसू नका, सर्वांत जास्त वेळा हाच असतो), मग पंपाचा फ्यूज आणि रिले. दुसरा एखादा रिले त्याच आकाराचा आणि त्याच नंबरचा असेल तर दोघांची अदलाबदल करून बघा.

आवाज येतो पण इंजिन मरतं: साइड स्टँडचा स्विच. चिखल बसला की तो स्टँड खाली असल्याची खोटी बातमी देतो. गिअर टाकताच बंद पडत असेल तर हाच. पाण्याने धुऊन, स्टँड दहा-वीसदा खालीवर करून पाहा.

गाडी आडवी पडल्यानंतर चालू होत नसेल तर कलण्याचा सेन्सर कट झाला आहे. गाडी सरळ करून किल्ली बंद, पुन्हा चालू. बऱ्याच गाड्यांत तेवढ्याने तो सुटतो.

आणि पूर्ण उतरलेल्या बॅटरीवर इंजेक्शनची गाडी ढकलून चालू होईल या भरवशावर राहू नका. पंप आणि ईसीयूला आधी व्होल्टेज लागतं. कारच्या बॅटरीवरून वायर लावून चालू करता येते, कारचं इंजिन मात्र बंद ठेवून.

---

रानवाट

घाटात असं झालं तर सोबत काय ठेवावं? मल्टिमीटर कोण घेऊन फिरणार.

---

तारतम्य

मल्टिमीटर नको. २१ वॅटचा बल्ब दोन वायरींसकट, १० आणि १५ चे दोन-दोन फ्यूज, वेगळा इनलाइन होल्डर, दीड चौरस मिलिमीटरची मीटरभर वायर, १० चा पाना, स्क्रू ड्रायव्हर, थोडी पट्टी. सगळं पेन्सिलच्या पाकिटात मावतं.

आधी बॅटरीचे दोन्ही बोल्ट आवळा. निम्मी गाऱ्हाणी तिथेच संपतात; आतली चौकोनी नट फिरते आणि बोल्ट घट्ट झाल्याचा भास होतो, म्हणून थिंबल हाताने हलवून बघा. पांढरट-हिरवट भुकटी असेल तर गरम पाणी ओता, घरी गेल्यावर खायच्या सोड्याने धुवा आणि व्हॅसलीन लावा.

होल्डर गेला असेल तर तो वगळून इनलाइन होल्डर लावा, फ्यूजसकट. नुसती वायर जोडून घाट उतरू नका. फॉग, चार्जर बंद ठेवा आणि दिवस असेल तर हेडलाइटही.

---

भरधाव

काम झालं. नवा होल्डर २.५ च्या वायरीवर, नवा १५ चा फ्यूज. जुन्या वायरी साडेतीन सेंटिमीटर मागे गेल्या, आतून काळ्याच होत्या. फॉगच्या निळ्या चिमटीखाली सतरा-अठरा तारांपैकी सहा तुटलेल्या.

मोजमाप, हेडलाइटवर: खांब ते होल्डरनंतरची वायर ०.०४. किल्लीचा स्विच ०.३१.

चार्जिंग ४५०० आरपीएमला १४.२.

फॉग काढले, तूर्त लावत नाही. होल्डरसह सगळा खर्च दोनशेच्या आत.

---

ओहमकाका

०.०४ झकास. ०.३१ मात्र जास्त. स्विचचं कपलर सोडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पिना बारीक सुईने किंचित दाबून पकड आणा, सिलिकॉन ग्रीस भरून परत लावा. मग पुन्हा मोजा. ०.१ च्या आसपास आलं तर राहू द्या, ०.३ च राहिलं तर आतले ठिपके खरवडलेत, स्विच बदलावा लागेल. बहुतेक गाड्यांत खालची स्विचची टिकली वेगळी निघते, कुलपासकट संच घ्यायची गरज नसते. दुकानदार आधी संचच दाखवेल.

---

भरधाव

क्लीनर आणि ग्रीसनंतर ०.१२.

ते ५५ वॅटचे फॉग कुणाला हवेत का? जोडी, काच न तडकलेली.

---

तारतम्य

विक्री खरेदी-विक्रीच्या धाग्यावर टाका. आणि घेणाऱ्याला रिले सोबत द्या.